निघालेला हात

माझ्या बायकोचा उजवा हात एका परक्या माणसाच्या ताब्यात होता, आणि तो सोडवून आणायला मी निघालो होतो.

हे ऐकून कुणालाही वाटेल की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझ्या लेकीलाही तसंच वाटलं. म्हणून नीट सांगतो.

बायको हिवाळ्यात गेली. सकाळी तिने दूध तापत ठेवलं होतं. ते उतू गेल्याचा वास आला म्हणून मी बाहेरच्या खोलीतून ओरडलो, आणि उत्तर आलं नाही. एवढंच झालं. तिच्या मागे माझ्याकडे तिचा चष्मा राहिला, हिरवा स्वेटर राहिला, दात्यांत केस अडकलेला कंगवा राहिला. फोटो आहेत, पण फोटोत ती ताठ बसलेली आहे. ती ताठ कधी बसायची नाही.

आणि त्या माणसाकडे तिचा हात होता. हलणारा. दोन वर्षं दर गुरुवारी त्याने तो मशीनमध्ये भरून ठेवला होता.

हा माणूस विद्यापीठात प्राध्यापक आहे. माणूस एखादी वस्तू घ्यायला हात पुढे करतो, तेव्हा डोक्यात त्याची तयारी कशी होते, आणि ऐन वेळी हात आवरायचा असेल तर डोकं तो कसा आवरतं, याचा तो अभ्यास करतो. त्यासाठी त्याला धडधाकट हाताची वयस्कर माणसं हवी होती. खालच्या मजल्यावरची शेजारीण एकदा जाऊन आली, येताना हिलाही सांगून आली. शेजारणीची कंबर त्या खुर्चीत दुखली, म्हणून ती पुन्हा गेली नाही. ही मात्र चिकटली.

मी त्याचं नाव हातवाला ठेवलं.

गुरुवारी ही सकाळपासून खुशीत असायची. स्वेटर हिरवाच. केस विंचरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"हाताचा अभ्यास आहे ना? मग केसांचं एवढं काय?" मी विचारायचो.

"हात डोक्यातून निघतो, अहो. डोकं नीटनेटकं नको?"

"माझ्यासमोर बारा महिने अंबाडा गुंडाळून फिरतेस."

"तुम्ही कुठे माझं डोकं तपासता?"

एकदा मी विद्यापीठासमोरच्या बस थांब्यावर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो होतो. ती बाहेर आली ती हसत. एकटीच होती, तरी हसत होती. एकटं माणूस असं हसतं तेव्हा ते आतल्या कुणाचं तरी हसणं घेऊन बाहेर आलेलं असतं. मी मागच्या बसने घरी आलो आणि संध्याकाळभर भाजीत मीठ जास्त आहे म्हणत राहिलो. मीठ बरोबर होतं.

मी छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होतो. आयुष्य त्यातच गेलं. जाड पात्याखाली कागदाचा गठ्ठा ठेवायचा, आणि दोन्ही हातांनी दोन वेगवेगळी बटणं दाबायची. दोन्ही दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही. हात पात्याखाली राहू नयेत म्हणून ही सोय. पण जुन्या मशीनला एकच दांडा होता आणि मी त्यावर शिकलो. वस्तादाने पहिल्या दिवशी एकच धडा दिला: "गठ्ठा सरकला तर सरकू दे. हात घालायचा नाही. कागद दुसरा मिळतो, बोट मिळत नाही." सरकणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही, हे अंगात मुरायला वर्ष लागतं. मुरलं की मग निघत नाही. घरात टेबलावरून काही पडायला लागलं की बाकीचे झेप घालतात, मी हात मागे घेतो. लेकीच्या लहानपणी हिने यावरून मला पुष्कळ ऐकवलंय.

छापखान्यातली दुसरी सवय चहाची. कागदाजवळ चहा नाही. एक थेंब सांडला तर अख्खा गठ्ठा वाया. म्हणून कापणारा माणूस कप नेहमी हाताच्या टोकाला, जमेल तेवढा लांब ठेवतो. निवृत्त झालो तरी माझा कप तसाच राहिला. घरचं जेवणाचं टेबल लहान, मी एका बाजूला, ती समोर. माझा कप माझ्यापासून लांब, म्हणजे बरोबर तिच्या पुढ्यात. तिच्या बाजूने बघितलं तर बिस्किटांचा डबा कपाच्या पलीकडे.

"कप जरा आत घ्या की," ती रोज म्हणायची.

मी घ्यायचो. दुसऱ्या दिवशी कप परत तिथेच.

एका गुरुवारी ती घरी येऊन म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का, हात निघायच्या आधीच डोक्यात निघालेला असतो."

"हे सांगायला प्राध्यापक लागतो?"

"आणि दोन वस्तू समोर असल्या, कुठली घ्यायची ते ठरलं नसलं, तर डोकं दोन्हींची तयारी करतं. मग एक तयारी दाबून टाकतं."

मी विचार केला आणि म्हणालो, "म्हणजे दुसऱ्याचीही तयारी असतेच."

तिने माझ्याकडे पाहिलं. "धन्य आहे तुमची. कप आत घ्या."

तर ती गेली, आणि काही महिन्यांनी एका मुलीचा फोन आला. हातवाल्याची विद्यार्थिनी. चाचरत बोलत होती. काकूंचं ऐकून वाईट वाटलं वगैरे झालं, मग म्हणाली, "काका, काकूंच्या हाताच्या नोंदी आमच्याकडे आहेत. त्या ठेवायच्या की पुसायच्या, ते घरच्यांना विचारायचं असतं. तुम्ही म्हणाल तसं करू."

"पुसा," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला आधी एकदा बघायच्या आहेत का?"

मी फोन ठेवला. संध्याकाळी लेक आली, तिला सांगितलं.

"बाबा, तुम्ही त्या माणसावर जळता."

"मी कशाला जळू?"

"आई होती तेव्हाही जळत होता. आता आई नाही तरी चालूच. आता तरी थांबा."

"त्याच्याकडे ती हलते," मी म्हणालो. "माझ्याकडे हलत नाही. मी नवरा आहे की तो?"

लेकीने डबा ओढला. डब्यातलं बिस्कीट काढून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "जाऊन स्वतः पुसून या. नाहीतर पुसलं की नाही म्हणून आयुष्यभर मला छळाल."

गुरुवारीच गेलो.

खोली मला वाटली होती तशी नव्हती. मला वाटलं होतं पांढरे कोट, चकचकीत काचा. ती तर एखाद्या शाळेच्या सामानाच्या खोलीसारखी होती. कोपऱ्यात तुटकी खुर्ची, भिंतीवर वायरींचे वेटोळे, खिडकीत वाळलेलं रोप. मधोमध एक टेबल, त्यावर आडवा पडदा, त्याच्याखाली हाताने धरायची एक मूठ, तिला सळ्या जोडलेल्या. मूठ ढकलली की पडद्यावर एक ठिपका सरकतो.

हातवाला उठून पुढे आला. माझ्यापेक्षा बराच तरुण, पण केस पांढरे होत आलेले. शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच. त्याने हात पुढे केला. माझा हात खिशात होता, तो मी तिथेच ठेवला.

"ताईंचं फार वाईट वाटलं," तो म्हणाला.

ताई म्हणाला म्हणून जरा बरं वाटलं. पण ताई म्हणणारेही मी पाहिलेत.

"पुसायचं आहे," मी म्हणालो. "माझ्यासमोर."

"पुसू. तो तुमचा हक्क आहे." त्याने वाद घातला नाही, याचाही मला राग आला. भांडायची तयारी करून आलो होतो, ती तशीच अंगावर राहिली.

"ती इथेच बसायची?"

"याच खुर्चीत."

मी न विचारता बसलो. खुर्ची बुटकी केलेली होती. माझे गुडघे वर आले. तिची उंची. विद्यार्थिनी खुर्ची वर करायला धावली, तिला मी नको म्हणालो.

"काका, करून बघायचं का?" तिने विचारलं. "काकू काय करायच्या ते कळेल तुम्हाला."

मी मूठ धरली. तिने माझं वय लिहून घेतलं, खांद्याला आणि दंडाला वायरीवाल्या चिकटपट्ट्या लावल्या. स्नायू आतल्या आत हलला तरी या पट्ट्यांना कळतं म्हणाली. मग सांगितलं: पडद्यावर दिवा लागला की ठिपका तिकडे न्यायचा. पण मधेच घंटी वाजली तर जायचं नाही, जागेवर थांबायचं. घंटी कधी वाजेल ते माहीत नसतं.

दिवा लागला, मी गेलो. दिवा लागला, गेलो. दिवा लागला आणि घंटी वाजली, मी थांबलो. पुन्हा वाजली, पुन्हा थांबलो. घंटी उशिरा, आणखी उशिरा वाजायला लागली. पण सरकणारा गठ्ठा घंटी वाजवून येत नाही; त्या मानाने हे सोपं होतं.

"सर, हे बघा ना," विद्यार्थिनी म्हणाली. "काकांचा हात हलतच नाही."

हातवाला वाकून बघायला लागला. त्याने विचारलं, "तुम्ही काम काय करायचात?" मी सांगितलं. तो स्वतःशीच मान हलवत राहिला. "तुमच्याइतकं चांगलं थांबणारा माणूस इथे आला नाही."

"आणि ती?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. विद्यार्थिनीला हसू आलं, तिने ते दाबलं.

"काकू सगळ्यात वाईट," ती म्हणाली. "घंटी वाजली तरी जायच्याच. मी म्हणायचे, काकू, थांबायचं असतं. तर म्हणायच्या, अगं, निघालेल्याला कशाला अडवायचं, जाऊ दे त्याला."

घरी तिचा हात असा नव्हता. घरी तो माझ्या खांद्याकडे यायचा, मी दचकून मागे व्हायचो, मग तो हवेतल्या हवेत वळून पदराला किंवा केसांना काहीतरी करायचा. घरी थांबणारा हात इथे या लोकांसमोर थांबत नव्हता.

"इथे तिला मोकळं वाटत असेल," मी म्हणालो. जमेल तेवढ्या कडूपणे म्हणालो.

हातवाल्याला ते कळलं असावं. त्याने खुर्ची ओढून माझ्याजवळ बसत दुसरा पडदा माझ्याकडे वळवला. "हे तुमच्या दंडाचं. हात थांबला ना? आता ही रेघ बघा."

सपाट रेघेवर एक बारीक उंचवटा होता. मुंगीने पाठ वर करावी तसा.

"घंटी वाजायच्या आधी तुमचा हात निघाला होता. बाहेर कुणाला दिसलं नाही. आत सुरू झालं होतं, आणि मग तुम्ही ते दाबलंत. थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. ते वेगळंच काम आहे, आणि कष्टाचं आहे. हलला नाही तो हात निघालाच नव्हता, असं नसतं."

"प्रत्येक वेळी निघाला होता?"

त्याने आणखी रेघा काढल्या. कुठे कुठे सपाट होतं. पण बहुतेक ठिकाणी मुंगी होती.

मी त्या मुंग्यांकडे बघत राहिलो. हिला या दाखवता आल्या असत्या तर बरं झालं असतं, एवढंच त्या वेळी डोक्यात आलं.

"बरं," मी म्हणालो. "आता पुसा."

"पुसण्याआधी एकदा बघता का? नको असेल तर नको."

मी नको म्हणालो नाही. त्याने त्याचा अर्थ बरोबर घेतला.

आधी त्याने दुसऱ्या लोकांचे हात दाखवले. पडद्याच्या खालून वर, दिव्यापर्यंत जाणाऱ्या रेघा. सगळ्यांच्या सरळ, ताणलेल्या दोऱ्यासारख्या. मग म्हणाला, "या ताई," आणि एक ठिपका निघाला.

तो सरळ गेला नाही. निघाला, थोडा डावीकडे झुकला, काहीतरी ओलांडल्यासारखा वळला आणि दिव्यावर जाऊन टेकला. दुसरा ठिपका तसाच. तिसराही. धनुष्यासारखा एक बाक, आणि शेवटी टेकताना एक लहानशी घाई.

ती होती. नाव लिहिलेलं नसतं तरी हजारांत ओळखली असती.

"या बाकाने आमचं डोकं खाल्लं," हातवाला सांगायला लागला. "आधी वाटलं मशीन बिघडलं. मेकॅनिक बोलावला, मशीन ठीक. मग वाटलं लहानपणी कोपर मोडलं असेल. डॉक्टरकडून तपासून घेतलं, कोपर ठीक. डोळे ठीक. डावीकडच्या, उजवीकडच्या दिव्यांना सरळ जायच्या. फक्त समोरचा दिवा लागला की बाक. मी तर त्यावर एक मोठं स्पष्टीकरण लिहायला घेतलं होतं. मेंदूच्या कुठल्या भागात काय झालं असेल याचं."

"चाळीस पानं," विद्यार्थिनी म्हणाली.

"चाळीस नव्हती."

"आकृत्या धरून चाळीस."

"ते असू दे. मग एक दिवस ही ताईंना म्हणाली, काकू, तुम्ही सरळ का नाही जात?"

"मग?" मी विचारलं.

विद्यार्थिनी म्हणाली, "काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच खुळी. म्हणाल्या, सरळ कशी जाऊ, तिथे ह्यांचा कप असतो."

मी समोरच्या टेबलाकडे पाहिलं.

"टेबलावर काहीच नव्हतं," ती पुढे म्हणाली. "काकूंनाही बोलल्यावरच ते कळलं. मग जे हसायला लागल्या, ते त्या दिवशी काही काम झालं नाही. सर पण हसत होते. दर गुरुवारी कुणीतरी विचारायचं, काकू, आज कप आत घेतला का? त्या म्हणायच्या, सांगून सांगून थकले, आता तो तिथेच गेला तर मलाच चुकल्यासारखं होईल."

हातवाला हळू म्हणाला, "हात कुठे जायचं ते ठरवताना डोकं वाटेतल्या अडचणीही धरून चालतं. अडचण रोजची असली, की ती नसतानाही धरून चालतं. ताईंच्या डोक्यात तुमचा कप पक्का होता. मी लिहिलेलं फाडून टाकलं."

ती दोन वर्षं इथे यायची. हिरवा स्वेटर घालून, केस विंचरून यायची, या माणसासमोर बसायची. आणि दर वेळी दिवा लागला की माझा कप ओलांडून जायची. मी समोरच्या थांब्यावर पेपर धरून बसलो होतो, तेव्हा आत टेबलावर मीच होतो.

मला वाटलं आता बरं वाटेल. वाटलंही, पण पूर्ण नाही. कारण हे तिने हातवाल्याला सांगितलं, मला नाही सांगितलं. ते हसणं त्यांच्या वाट्याला गेलं.

"हे तुम्ही कुणाला दाखवता?" मी विचारलं.

"नवीन विद्यार्थी आले की पहिल्यांदा हेच दाखवतो. मोठं काही लिहायच्या आधी माणसाला विचारून बघा म्हणून."

"कप कुणाचा ते सांगता?"

"सांगतो की. ह्यांचा."

मी पडद्याकडे पाहिलं. ठिपका तिथेच परत परत जात होता. वळून, घाई करून, टेकत होता.

"पुसायचं?" हातवाल्याने विचारलं. त्याचं बोट बटणाजवळ होतं. तोंडावरून तो शांत दिसत होता. पण त्याच्या दंडाला चिकटपट्टी लावली असती तर काय दिसलं असतं, ते मला आता कळत होतं.

"राहू दे," मी म्हणालो.

विद्यार्थिनीने श्वास सोडला. मग तिने भीत भीत विचारलं, "काका, तुमची आजची नोंद पण ठेवू का? इतकं चांगलं थांबणारं कुणी नाही आमच्याकडे."

"कुठे ठेवणार?"

तिने यादी दाखवली. थांबण्याच्या क्रमाने लावलेली. सगळ्यात वर मला घातलं होतं. सगळ्यात खाली ही. मधे अनोळखी माणसांची ही मोठी रांग.

"हे नाही चालायचं," मी म्हणालो. "मधली माणसं काढा."

"काका, तो आमचा सगळा अभ्यास आहे."

"मग दुसरं काहीतरी लावा."

ती विचार करायला लागली. हातवाल्यानेच पुढे होऊन काहीतरी दाबलं, आणि यादी हलून पुन्हा लागली. वयाप्रमाणे. मी आणि माझ्या खाली ही, लागून. आमच्यात काही महिन्यांचंच अंतर होतं, त्यात कुणी मावलं नव्हतं.

"अशीच ठेवायची," मी म्हणालो.

"काम करताना बदलावी लागेल," तो म्हणाला. "पण काम झालं की परत अशी लावून ठेवीन."

माणूस खोटं बोलत नव्हता. बोलला असता तर सोपं झालं असतं.

दारापर्यंत तो सोडायला आला. म्हणाला, पुढच्या गुरुवारी येणार असाल तर खुर्ची तुमच्या उंचीची करून ठेवतो. मी म्हणालो, खुर्ची आहे तशी राहू दे. येणार की नाही ते सांगितलं नाही.

त्याने पुन्हा हात पुढे केला.

माझा हात शरीराला चिकटून होता, तिथेच राहिला. त्या माणसाने तिला दोन वर्षं हसवलं होतं, आणि ते मला अजून सोसत नव्हतं. त्याने थोडं थांबून आपला हात खाली घेतला, रागावला नाही. माझ्या दंडाकडे एकदा पाहिलं, आणि मान हलवली.

हात निघाला होता. ते त्याला मशीनशिवायही कळलं असणार.